आम्ही पायाळू
(देवणी ते खरोसा : पायी पाहिलेला इतिहास)

बी. ए. द्वितीय वर्ष (इतिहास)

देवणी म्हटले की बाहेरच्या माणसाला बैल आठवतो. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन रंग-वाण असलेली आमची देवणी जनावरे दूरवर प्रसिद्ध आहेत, आणि त्याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. परंतु बैलापलीकडे देवणीला काही सांगण्यासारखे आहे, असे मला महाविद्यालयात येईपर्यंत वाटले नव्हते. शाळेच्या पुस्तकात इतिहास असे तो रायगडचा, पुण्याचा, दिल्लीचा. आमच्या काळ्या रानातून तो कधी गेला असेल, ही कल्पनाच कोणी दिली नव्हती. इतिहास ही आपल्याकडे नसलेली, दुसऱ्यांकडे असलेली वस्तू आहे, अशीच माझी समजूत होती.

प्रथम वर्षाच्या एका तासाला आमच्या इतिहासाच्या सरांनी एक साधा प्रश्न विचारला, "तुमच्या गावातला सर्वांत जुना दगड कोणता?" साठ मुलांच्या वर्गात एकही हात वर गेला नाही. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सुट्टीत शोधा. मात्र गाडीवरून जाऊ नका, पायी जा. गाडीवरून फक्त गावाच्या पाट्या दिसतात."

त्या प्रश्नातून आमचा प्रवास घडला. वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मित्र देवणी भागातील माझ्या खेड्यातून निघालो आणि तीन दिवसांत मांजरा ओलांडून औराद शहाजानीकडून निलंगा व तेथून खरोशाच्या लेण्यांपर्यंत चालत गेलो. त्या प्रवासाचा हा वृत्तान्त आहे. तसेच आपल्या भागातील पूर्वमध्ययुगीन स्थळे कशी पाहावीत, याविषयी आम्ही जे थोडेबहुत शिकलो, त्याची ही टिपणेही आहेत.

निघण्यापूर्वी

पूर्वमध्ययुग म्हणजे ढोबळमानाने सहावे ते तेरावे शतक. या सात-आठशे वर्षांत आमच्या भागावर चार मोठ्या घराण्यांची सत्ता होऊन गेली. आधी बदामीचे चालुक्य होते. सन ७५३ च्या सुमारास दंतिदुर्गाने त्यांचा पराभव करून राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली. पुढे ९७३ मध्ये तैलप दुसरा याने राष्ट्रकूटांना दूर सारले आणि कल्याणीच्या चालुक्यांचा काळ सुरू झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीचे यादव आले.

हे सर्व परीक्षेपुरते मी पाठ केले होते. परंतु सरांनी भिंतीवर नकाशा लावला तेव्हा मी चकित झालो. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे ते स्वामी, आणि हे लट्टलूर म्हणजे आमचे लातूर, असे अभ्यासक मानतात. लातूरच्या पापविनाश मंदिरात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्याच्या काळातला शिलालेख आहे. या राजाची कारकीर्द ११२६ ते ११३८ अशी होती. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटांचे मोठे नगर होते. तेथील जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आजही आहे. आणि चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे बसवकल्याण. तेथे विक्रमादित्य सहावा याने १०७६ पासून पन्नास वर्षे राज्य केले. तेथेच विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, आणि तेथेच बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांची चळवळ झाली. बसवकल्याण आमच्या गावापासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेपेक्षा फार लांब नाही. लग्नकार्याला आमच्याकडची माणसे त्या बाजूला जातात. म्हणजे आम्ही राजधानीच्या अंगणात राहत होतो आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उदगीर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. आजची महाराष्ट्र-कर्नाटक सीमा त्या वर्षीची आहे. दगड तिच्यापेक्षा फार जुने आहेत. ते कोणती भाषा बोलतात, याचे आपण आश्चर्य करण्याचे कारण नाही.

काळी आणि पांढरी

निघताना तिघांच्या खांद्यावर एकेक पिशवी होती. येळवशीची शिल्लक राहिलेली भाकरी, बाजरीचे उंडे आणि भज्जी मायने बांधून दिली होती. आमच्याकडे वेळ अमावास्येला 'येळवस' म्हणतात. शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडायचे, आंबिलीने पूजा करायची, रानात चर शिंपायचा आणि येईल त्याला जेवू घालायचे, असा हा सण. सीमेपलीकडच्या कानडी मुलखातही याच अमावास्येला शेतात असाच सण होतो. आमचा एक मित्र उदगीरचा. त्याचे आजोळ भालकीकडे असल्याने त्याला कानडी लिहिता-वाचता येते. तो म्हणाला, "तुम्ही चर शिंपताना जे ओरडता ना, ते शब्द कानडीच्या वळणाचे आहेत." मी ते शब्द लहानपणापासून ओरडत आलो होतो. त्यांना काही अर्थ असेल, हे मनातही आले नव्हते.

पहिला धडा आम्हांला वाटेवरच्या एका शेतकऱ्याने दिला. शेतकरी जमिनीला 'काळी' म्हणतो आणि वस्तीला 'पांढरी'. पिढ्यान् पिढ्या माणसे एका जागी राहिली की मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख पडते, शेण-केर पडतो आणि काळ्या मातीचा रंग पालटून ती पांढुरकी होते. म्हणून रानाच्या मध्येच कुठे पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले, तर तेथे कधीकाळी गाव होते असे समजावे. त्या शेतकऱ्याच्या बांधापलीकडे असे एक टेकाड होते. वर तुरीचे पीक उभे होते. आम्ही खाली वाकून चालू लागलो तो पायाखाली खापऱ्यांचा सडा! तांबड्या, काळ्या, काही गुळगुळीत झिलईच्या. एक बांगडीचा तुकडाही होता. शेतकरी म्हणाला, "नांगराला दरसाल लागतंय. आमचा आजा सांगायचा, हितं गाव हुतं, पटकी आली अन् उठलं."

आम्ही खापऱ्या पाहिल्या आणि तेथेच ठेवल्या. सरांनी बजावले होते की वस्तू जागेवरून हलली की निम्मी मुकी होते. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी ती होती, यावर तिचा काळ ठरतो. खिशात घालून आणलेली खापरी ही केवळ खापरी असते.

दुसरा धडा पुढच्या गावी मारुतीच्या पारावर मिळाला. पाराला टेकून दोन-अडीच हात उंचीचा एक दगड उभा होता. त्याच्यावर शेंदराचे इतके थर होते की आतले काही दिसत नव्हते. फक्त बाजूच्या अंगाला शेंदूर पातळ होता, तेथे एकावर एक असे तीन चौकोन दिसले. हा वीरगळ होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली लढाई, त्याच्या वर वीराला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला वीर. माथ्याला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती टिको. या वीरगळाच्या खालच्या चौकोनात तलवार घेतलेल्या माणसामागे जनावरांची शिंगे स्पष्ट दिसत होती. गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या वीरांचे असे दगड महाराष्ट्र-कर्नाटकात पुष्कळ आहेत.

पारावर एक म्हातारी बसली होती. आम्ही विचारले, "मावशी, हा कोणता देव?"

ती म्हणाली, "राखणदार हाय बाबा. जनावरं सुटली की ह्येला नारळ फोडत्यात."

मला क्षणभर काही सुचेना. त्या वीराचे नाव गेले, राजा गेला, भाषा गेली; पण तो जनावरांसाठी मेला, एवढे त्या म्हातारीपर्यंत पोहोचले होते. आपण ज्याला अडाणीपणा म्हणतो, त्याच्या पोटात कधी कधी अशी शाबूत स्मृती असते. देवणीच्या बैलाचा अभिमान आम्ही सांगतो, पण त्या गुरांसाठी प्राण देणाऱ्याचा दगड आम्हांला वाचता येत नव्हता. म्हातारीला तो आपल्या परीने येत होता.

"पायाळू हाय का कुनी?"

मांजरेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन उतरले होते. औरादजवळ तेरणा येऊन मांजरेला मिळते. दोन नद्यांच्या या पट्ट्यात गावे दाट आहेत, आणि पाणी व काळी जमीन असेल तेथे राजे दाने देत, देवळे उभी राहत. नकाशावर हे वाक्य निर्जीव वाटते. चालत असताना तहान लागते आणि मग नदीकाठी वस्ती का, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वाटेत एका गावात आम्ही एक पडकी बारव पाहण्यासाठी उतरलो. पायऱ्या निखळल्या होत्या, पाण्यावर शेवाळ होते. आतल्या कोनाड्यातील मूर्ती कोणीतरी फोडून कोनाड्याचा तळ खणला होता. आम्ही वर आलो तो चार माणसे वाट पाहत उभी!

"कुनीकडं निघालाव रे पोरांनो? हितं काय बगलालाव?"

आम्ही महाविद्यालयाचे नाव सांगितले, ओळखपत्र दाखविले. त्यांतला एक जण हळूच पुढे आला आणि कुजबुजला, "खरं सांगा. तुमच्यात पायाळू हाय का कुनी?"

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला माणूस. त्याला जमिनीखालचे गुप्तधन दिसते, अशी समजूत आहे. आम्ही हसलो, पण नंतर हसू आवरले. मूर्ती कोणी आणि का फोडली, याचे उत्तर त्या एका प्रश्नात होते. चंद्र-सूर्य कोरलेला दगड म्हणजे धनाची खूण, अक्षरे म्हणजे धनाचा पत्ता, असे समजून माणसे रात्री पहारी घेऊन येतात. खाली सोने निघत नाही. पण वरचा दगड, ज्यावर खरोखर काहीतरी लिहिलेले असते, तो मात्र तुटतो. धन शोधता शोधता धनच फोडले जाते, यासारखा दुर्दैवाचा फेरा नाही.

आमच्या उदगीरच्या मित्राने त्या गृहस्थांना शांतपणे सांगितले, "काका, आम्ही तिघंही पायाळूच आहोत. पायी पायी फिरतो. म्हणून आम्हाला दिसतं." ते काका खो खो हसले आणि त्यांनी आम्हांला रात्री मुक्कामाला आपल्या घरी नेले. जेवताना त्यांनी बारवेविषयी, तिच्या पाण्यावर पूर्वी पिकणाऱ्या उसाविषयी, दुष्काळात तिचा गाळ काढल्याविषयी पुष्कळ सांगितले. कोणत्याही पुस्तकात ते नाही. मी वहीची सहा पाने लिहून घेतली.

निलंगा : दगडाची शिवण

दुसऱ्या दिवशी निलंग्याला पोहोचलो. येथील नीलकंठेश्वराचे मंदिर बाराव्या-तेराव्या शतकातले मानतात. ते त्रिदल आहे, म्हणजे एका सभामंडपाला तीन गाभारे आहेत. त्यांत शिव, विष्णू आणि हर-गौरी अशी स्थाने आहेत. एकाच छपराखाली शैव आणि वैष्णव सुखाने नांदताना पाहून बरे वाटले.

बाहेरची भिंत सरळ नाही. ती कोनाकोनांनी मागे-पुढे होत जाते, त्यामुळे सूर्य जसा सरकतो तशी एकेक मूर्ती उजेडात येते आणि दुसरी सावलीत जाते. आम्ही दुपारी पोहोचलो आणि सूर्यास्तापर्यंत थांबलो, तेव्हा हे कळले. घाईने दर्शन घेऊन गेलेल्याला ही भिंत सपाटच दिसणार. तिच्यावर सुरसुंदरी आहेत. त्यांच्या अंगावरील अलंकार, केशरचना, उभे राहण्याची ढब पाहून त्या काळच्या शिल्पकाराचे निरीक्षण किती सूक्ष्म होते ते दिसते. मी अधिक वेळ दगडांचे सांधे पाहत होतो. आमच्या घरची भिंत मी आणि वडिलांनी मिळून बांधली आहे, म्हणून असेल. दगडाला दगड असा घडवून बसविला आहे की चुन्याचे कामच नाही. वजनानेच वजन तोलले आहे.

देवळातील एका भाविकांनी सांगितले, "हेमाडपंती देऊळ आहे." आपण सर्वच असे म्हणतो. हेमाद्री पंडित हा यादवांचा प्रधान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी तो होता. पण ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो, अशी कितीतरी देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. चुन्याशिवाय रचलेल्या प्रत्येक देवळाला त्याचे नाव चिकटले आणि त्याखाली चालुक्यांचे, त्यांच्या सामंतांचे, गावोगावच्या दात्यांचे आणि अनामिक पाथरवटांचे श्रेय झाकले गेले. 'हेमाडपंती' हा शब्द बोलण्यात खुशाल असू द्यावा, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे थांबू नये. त्याने पुढचा प्रश्न विचारावा, 'कोणत्या शतकातले?'

सुरसुंदरी पाहताना सरांनी वर्गात दाखविलेले एक छायाचित्र आठवले. सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात जलसंगवी येथे चालुक्यकालीन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर एक स्त्री पाठमोरी वळून दगडावर अक्षरे लिहीत असल्याचे शिल्प आहे. ती लिहिते आहे ती अक्षरे खरी आहेत. त्यांत विक्रमादित्य सहाव्याची स्तुती आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ती बाई लिहिते आहे. माझ्या मायला सही करता येत नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मनात जे येते, ते लिहिण्याची माझी ताकद नाही.

खरोसा : सर्वांत जुने घर

तिसऱ्या दिवशी औसा तालुक्यातील खरोशाला गेलो. काळ्या दगडाच्या मुलखात हा डोंगर जांभ्याचा आहे. तांबूस, सच्छिद्र, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. जांभा खोदताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो. लेणी कोरायला तो सोपा, पण बारीक नक्षी त्यात टिकत नाही. म्हणून वेरूळ पाहिलेल्या माणसाला खरोसा प्रथम निराश करते. नाक-डोळे झिजलेले, हात गळालेले. पण थोडा वेळ अंधारात उभे राहिले की आकृती हळूहळू बाहेर येतात. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, आणि तो रावण!

ही सुमारे बारा लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जातात. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. तेव्हा खरोसा हे त्याच्या आधीचे. पुढे वेरूळला ज्या कथा भव्य रूपात कोरल्या गेल्या, त्यांतील काही येथे आमच्या जांभ्यात आधीच सांगून झाल्या होत्या. स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस याने खरोशाची नोंद केली. त्याचा बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांविषयीचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. दूर देशातून आलेला माणूस दीडशे वर्षांपूर्वी येथे मोजमापे घेत होता. मी याच जिल्ह्यात जन्मून एकोणिसाव्या वर्षी प्रथम आलो.

पायथ्याशी चहा पिताना शेजारी बसलेल्या आजोबांनी किल्लारीकडे हात करून भूकंपाची हकिगत सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आमच्या जन्माच्या आधीची, पण आमच्या भागातल्या प्रत्येक घरात ती अजून सांगितली जाते. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. नंतर गावेच्या गावे नव्या जागी वसली. "मानसं नेली, घरं नेली," आजोबा म्हणाले, "पन जुन्या गावातले देव अन् दगुड कोन नेतंय? हायेत तितंच, बाभळीत." त्या जुन्या गावठाणांची आजची पांढरी उद्याच्या अभ्यासकाला सापडेल. इतिहास असा आपल्या डोळ्यांसमोर तयार होत असतो, हे मला प्रथमच उमगले.

घरचा दगड

खरोशाहून आम्ही एस. टी.ने परतलो. पाय सुजले होते, पण मन भरले होते. आणि आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या गावातला सर्वांत जुना दगड कोणता?

आमच्या गावी वेशीजवळच्या विहिरीपाशी एक आडवा पडलेला काळा दगड आहे. गावात त्याला 'धारेचा धोंडा' म्हणतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी यांना धार लावायला तो उत्तम. माझे आजोबा त्यावर विळा घासत, वडील घासतात. सुगीच्या दिवसांत मीही घासला आहे. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दगडाजवळ सहज थांबलो. कोवळे ऊन आडवे पडले होते. दगडाच्या एका टोकाला मला अर्धा चंद्र दिसला. त्याच्या शेजारी एक गोल. त्याच्या खाली गाय आणि तिला पिणारे वासरू. आणि त्याच्याही खाली, जेथे धारेच्या खोल खाचा सुरू होतात, तेथे ओळी होत्या.

माझ्या पोटात धस्स झाले. चंद्र, सूर्य, गाय-वासरू ही दानलेखावरची चिन्हे. दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावे, हा त्यांचा अर्थ. त्याच्या खाली लिहिलेले असते की कोणी, कोणाला, किती जमीन दिली. ती चंद्र-सूर्याएवढी टिकायची अक्षरे आमच्या विळ्यांनी खाल्ली होती. बाहेरून कोणी आला नाही, कोणा शत्रूने फोडले नाही. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी, पोटासाठी, निष्पापपणे, रोज थोडी थोडी.

बारवेतल्या मूर्तीसाठी मी पहार घेऊन येणाऱ्यांना दोष दिला होता. आता कोणाला देऊ?

सरांना विचारले. ते म्हणाले, "घासू नका, खडू फिरवू नका, तेल-आम्ल काही लावू नका. फक्त पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवा. रात्री अंधार पडल्यावर दगडाच्या बाजूने, अगदी जमिनीलगत, बॅटरीचा तिरपा उजेड टाका." त्या रात्री मी वडिलांना बरोबर नेले. त्यांना आधी काही पटत नव्हते. "काय बगलालास रे त्या धोंड्यात? हाय काय त्यात?" असे म्हणतच ते आले. मी वही घेऊन बसलो आणि बॅटरी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती सरळ वरून धरली. काही दिसले नाही. मग मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी ती खाली, कडेला टेकविली आणि हळूहळू फिरवू लागले.

"थांब," तेच म्हणाले, "हे बग. उठलं."

खाचांच्या मधून गोल गोल वळणांची अक्षरे उभी राहिली होती. सहा ओळी. कुठे दोन अक्षरे, कुठे पाच, मध्ये विळ्याची खाच, पुन्हा एक अक्षर. माझे वडील कधी शाळेत गेले नाहीत. पण ते अक्षर आहे, हे त्यांनी माझ्या आधी पाहिले. त्यांनी विचारले, "काय लिवलंय?"

आमच्या घरात वाचता येणारा मी पहिला. तलाठ्याचा कागद, बियाण्याची पिशवी, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे वडील माझ्यापुढे धरतात आणि मी वाचून दाखवितो. त्या रात्री मला सांगावे लागले, "मला येत नाही." ते काही बोलले नाहीत. बॅटरी मात्र मी सगळ्या ओळी उतरवून होईपर्यंत त्यांनी हलू दिली नाही.

उदगीरच्या मित्राने माझी नक्कल आणि छायाचित्रे पाहून एक-दोन अक्षरांचे वळण ओळखले. सरांनीही ती जुनी कानडी असल्याचे सांगितले आणि छायाचित्रे ती भाषा वाचणाऱ्या एका अभ्यासकांकडे पाठविली आहेत. वाचन व्हायचे आहे. जेवढे उरले आहे तेवढेच वाचले जाईल.

मित्रहो,

या प्रवासातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. पहिले, आपल्या गावापासून सुरुवात करावी. मारुतीचा पार, वेस, विहीर, बारव, पांढरीचे टेकाड आणि देवळाची पायरी या जागा आधी पाहाव्यात. दुसरे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावेत. तिसरे, काहीही उचलू नये, खणू नये, रंगवू नये. चौथे, पूजेत असलेल्या दगडाचा मान राखावा. गावाच्या संमतीवाचून त्याला हात लावू नये. पाचवे, नोंद करावी : कोणत्या दिशेला तोंड, किती हात लांबी-रुंदी, कोणती चिन्हे, किती ओळी. आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा रित्ती आणि शेळके यांचा संग्रह १९६८ मध्ये नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळ लेख कानडी आहेत, आणि देगलूर तालुक्यातील होट्टलच्या देवळांसारख्या स्थळांचा इतिहास अशाच लेखांवर उभा आहे. एका महाविद्यालयाने ते केले, तर आपले महाविद्यालय निदान आपल्या विद्यार्थ्यांच्या गावांतील दगडांची यादी का करू शकणार नाही? प्रत्येकाने एका गावाची नोंद केली तरी एका वर्षात मोठे काम होईल. मी पुढील वर्षी कानडी लिपी शिकण्याचे ठरविले आहे. मित्राने पहिली बाराखडी लिहून दिली आहे.

त्या रात्रीनंतर आठ दिवसांनी मी सुट्टी संपवून निघालो. वेशीजवळ आलो तो विहिरीपाशी वडील दिसले. त्यांनी ओढ्यातून एक नवा खरबरीत दगड बैलगाडीत घालून आणला होता आणि धारेच्या धोंड्यापासून दहा पावलांवर तो रोवीत होते. शेजारचे दोघे जण विळे घेऊन उभे होते आणि विचारीत होते, "जुन्याला काय झालं?"

वडील त्यांना सांगत होते, "त्याच्यावर लिवलेलं हाय. पोरगं शिकून येतंय वाचायला."